सातवा रकाना

अधिवेशनाचे दिवस एकशे साठ.
साहेबांची सही एकशे बेचाळीस दिवस.
म्हणजे पावणेनव्वदच्या आसपास,
माझ्या टी.वाय.च्या वर्गातही एवढी हजेरी नसते.
सहीनंतर साहेब कुठल्या दाराने कुठे गेले
हे सहीला विचारता येत नाही.

प्रश्न तीनशे अकरा. सगळे वाचले,
गोठिवलीत, गरजेपोटी चढवलेल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर,
रात्री, पंखा दोनवर ठेवून.
त्यातल्या चाळीस प्रश्नांत ‘प्रलंबीत’ची वेलांटी दुसरी.
तीच दुसरी वेलांटी मराठवाड्यातल्या दोन आमदारांकडे.
तीन मतदारसंघ, तीन पक्ष,
आणि कुठेतरी बसलेला एकच टंकणारा
ज्याला आमची सगळी तळमळ पाठ आहे
ऱ्हस्वदीर्घ तेवढं नाही.

लोखंडेसर म्हणाले, भारांक द्या.
हजेरीला पंधरा, प्रश्नांना वीस, निधीला पंचवीस.
दिले.
भार दिला की वजन येतं, मी मुलांना हेच शिकवते,
काटा कोणाच्या हातात, ते अभ्यासक्रमात नाही.

आमच्या गावात टक्का हा शब्द जपून उच्चारावा.
जमीन गेली, त्यातले परत मिळायचे ते साडेबारा.
गटाराचं काम निघालं की कोणाला किती,
ती दुसरी टक्केवारी, ती कागदावर येत नाही.
माझी तिसरी. दशांश चिन्हासकट.
हिच्यातून अजून कोणाला काही मिळालेलं नाही.

सातवा रकाना मतदानाचा.
पाच वर्षांचं कामकाज उपसलं.
अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
मग
होयचे बहुमत, होयचे बहुमत, विधेयक संमत.
एका दुपारी अकरा मिनिटांत चार.
मतविभागणी कोणी मागितली नाही,
माणसं मोजली गेली नाहीत,
नुसता आवाज झाला. आवाजाला
मतदारसंघ क्रमांक नसतो.

शून्य लिहू?
शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही.
इथे मोजलंच नाही.
कोरा सोडला तर संगणक तो रकाना वगळतो,
उरलेल्या सहांची सरासरी काढतो
आणि साहेब पहिल्या श्रेणीत.
शून्य टाकलं तर साहेब घसरून थेट तळाशी.
एका चौकोनावर एवढं.

आठवा रकाना नाहीच, तरी लिहून ठेवते:
ट्रान्सफॉर्मर जळाला त्या मे महिन्यात
साहेब बनियनवर, प्लास्टिकच्या खुर्चीत,
वायरमन येईस्तोवर पहाटे चारपर्यंत बसले होते.
मी स्वतः पाहिलं.
नमुना आकार एक.

हिराजीकाकाने तक्ता लांब धरून पाहिला,
बोट बरोबर रिकाम्या जागी आणून ठेवलं.
“आमच्या सातबाऱ्यावं पन असाच एक रकाना व्हता,
इतर हक्कांचा. कोरा.
तलाठी बोलला, कोरा म्हंजे तुजा काय नाय.”
आणि परत केला, घडी न पाडता.

रविवारी समाजमंदिरात अहवाल वाचला.
सातव्यात लिहिलं होतं: नोंद उपलब्ध नाही.
खुर्च्या साठ, माणसं जास्त, चहा कमी पडला.
साहेबांचा पुतण्या मागे खांबाला टेकून
शेवटपर्यंत मोबाईलमध्ये.
मंडळाचे अध्यक्ष उठले, म्हणाले,
अहवाल मान्य आहे ना सगळ्यांना?

होय!

वरचा पत्रा दणाणला.
मी पेन घेऊन मान वर केली,
तोवर तोंडं मिटली होती, खुर्च्या सरकत होत्या.
काका नळावर कप विसळत होता.
त्याचे ओठ हलले होते का,
मी पाहिलं नाही.